तोंडचे पाणी आणि डॉक्टर खानोलकर

इंदूरच्या रामबागेत माझे आजोळ. गोव्याच्या माणसाला मासळीवाचून जसा दिवस सुना वाटतो, तसा इंदूरकराला शेवेवाचून वाटतो. तिथली सकाळ पोहे-जलेबीने उजाडते. रात्री सराफ्यातली सोन्याचांदीची दुकाने बंद झाली, की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याचा बाजार भरतो आणि मध्यरात्रीनंतरही तो हलत नाही. पोह्यांवर शेव, आमटीत शेव, नुसत्या कांद्यावर लिंबू पिळून शेव. अशा गावात जन्म काढलेल्या माझ्या मामांच्या तोंडाला गेली दोन वर्षे शेव लागलेली नाही. कुणी मनाई केलेली नाही, पथ्यही नाही. त्यांच्या तोंडात लाळच उरलेली नाही, आणि लाळेवाचून शेव म्हणजे वाळू.

मामांना डाव्या गालाचा कर्करोग झाला. आधी शस्त्रक्रिया आणि मग सहासात आठवडे किरणोपचार झाले. इंदुरात त्याला सिकाई म्हणतात, आपल्याकडे शेक म्हणतात. शब्द दोन्हीकडे तितकाच घरगुती; दुखऱ्या गुडघ्याला विटेचा शेक द्यावा, तसा. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे एकूण तेहतीस शेक झाले. रोग गेला. तपासण्या स्वच्छ येतात. घरच्यांनी देवाला नारळ फोडला. मात्र मामांच्या उशाशी पाण्याची बाटली आली, ती कायमची. रात्री तासातासाला त्यांना जाग येते, कारण जीभ टाळूला चिकटलेली असते. बोलता बोलता शब्द अडकतो, तेव्हा ते हाताने थांबायची खूण करतात, एक घोट घेतात आणि वाक्य पुढे नेतात. पंगतीत बसणे त्यांनी सोडले. पोळी वरणात कुस्करून, तीही भिजून लगदा झाल्यावर, ते आत एकटे जेवतात.

तोंडचे पाणी पळणे हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार भीतीसाठी आहे. तो शब्दशः खरा झालेला माणूस मी तेव्हा प्रथम पाहिला.

त्या आजारपणाच्या सुरुवातीला मी त्यांच्याबरोबर तपासणीला गेलो होतो. तरुण डॉक्टरांनी तोंडात विजेरी धरण्याआधीच विचारले, तंबाखू कोणत्या बाजूला धरत होता? मामांनी उत्तर देण्याआधी हात डाव्या गालाकडे नेला होता. डॉक्टरांनी कागदावर खूण केली. इतका साधा, एका ओळीचा प्रश्न. आज तो देशातल्या कोणत्याही दंतवैद्याच्या खुर्चीवर विचारला जातो. पण हा प्रश्न रुग्णामागून रुग्णाला, हजारभर वेळा चिकाटीने विचारून त्याच्या उत्तरांतून विज्ञान उभे करणारा माणूस आपल्याच समाजातून आलेला होता, हे गोव्यात फारसे कुणाच्या ध्यानात नसते. त्यांचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर.

इंदूर आणि गोवा यांचे नाते निघाले, की आपण लता मंगेशकरांचे नाव घेतो. मंगेशीच्या या कुटुंबातली थोरली मुलगी १९२९ साली इंदुरात जन्मली, हे इंदूरकरही अभिमानाने सांगतात. ज्या गोमंतक मराठा समाजाने मंगेशकरांसारखे, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारखे गळे देशाला दिले, त्याच समाजातल्या एका घरात १३ एप्रिल १८९५ रोजी खानोलकरांचा जन्म झाला. एकाच मुळाच्या फांद्यांतून काहींनी गळ्यातून स्वर काढला आणि एकाने गळ्यातल्या, गालातल्या रोगाचे मूळ शोधले. या योगायोगातून अर्थ काढत बसण्याचे कारण नाही. तरी त्या काळात सनातनी समाज ज्यांच्याकडे नाक मुरडून पाहत असे, त्या समाजातल्या मुलाने लंडन विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घ्यावी आणि १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात, म्हणजे पॅथॉलॉजीत, एम. डी. व्हावे, ही गोष्ट लहान नव्हती.

विकृतिशास्त्र हा विषय निवडणे हेही त्या वेळी विचित्रच. त्या काळी हुशार डॉक्टर शल्यविशारद होत, नाही तर बंगल्यावर पाटी लावून धनवंतांच्या नाड्या पाहत. विकृतिशास्त्रज्ञाच्या वाट्याला येई ते शवविच्छेदनाचे टेबल, फॉर्मलिनचा वास आणि सूक्ष्मदर्शकाची नळी. रुग्ण त्याला ओळखत नाही, आभार मानत नाही, फी तर देतच नाही. खानोलकर परतले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व पुढे परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. हे दुसरे महाविद्यालय १९२६ साली निघाले ते मुळी भारतीय अध्यापकांनीच चालवायचे या अटीवर. साहेबाच्या हाताखाली न राहताही वैद्यकशास्त्र शिकवता येते आणि संशोधन करता येते, हे सिद्ध करून दाखवण्याची जबाबदारी तिथल्या पहिल्या पिढीवर होती. खानोलकरांनी ती उचलली.

मग टाटा रुग्णालय आले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पती सर दोराबजी पुढच्याच वर्षी निवर्तले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळला कर्करोगासाठी वेगळे रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे खानोलकरांकडे आली. कर्करोग हा श्रीमंतांचा, गोऱ्यांचा, पिकलेल्या वयाचा आजार आहे आणि हिंदुस्थानात तो विरळा, असा समज तोवर शिकल्यासवरल्या डॉक्टरांतही होता. परळच्या बाह्यरुग्ण विभागाने तो पहिल्या वर्षांतच खोटा पाडला. दारात रांग लागली ती शेतकऱ्यांची, गिरणी कामगारांची, बिगाऱ्यांची. आणि त्यातल्या कितीतरी जणांचा रोग तोंडात होता.

इथे खानोलकरांनी जे केले, त्याला प्रतिभेपेक्षाही चिकाटी जास्त लागते. त्यांनी मोजायला सुरुवात केली. तोंडाच्या कर्करोगाचे एकापाठोपाठ एक आलेले एक हजार रुग्ण घेतले; त्यांतून निवड केली नाही, वगळावगळ केली नाही. रोग नेमका कुठे आहे, माणूस कोणत्या समाजातला, काय चघळतो, काय ओढतो, हे सारे त्यांनी जुळवून पाहिले. १९४४ साली कॅन्सर रिसर्च या अमेरिकन नियतकालिकात त्यांचा हा आढावा प्रसिद्ध झाला. एकाच मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांत रोगाची जागा वेगळी पडते, आणि ती जागा रक्तावरून कमी आणि सवयीवरून जास्त ठरते, हे त्यातून दिसत होते. जो विडा गालात धरतो त्याचा गाल नासतो, जो ओढतो त्याचा घसा.

तंबाखू-सुपारीवर बोट ठेवणारे ते पहिले नव्हेत. त्रावणकोरच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या डॉक्टरांनी विडा आणि तोंडाचा कर्करोग यांची सांगड त्याआधी घातली होती. १९३३ साली ऑर यांचा लेख लॅन्सेटमध्ये आला होता. खानोलकरांचे श्रेय वेगळे आहे. विखुरलेल्या निरीक्षणांना त्यांनी एका मोठ्या रुग्णालयाच्या दप्तराचे बळ दिले. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते सांगणारे डॉल आणि हिल यांचे इंग्लंडमधले संशोधन जगाला माहीत झाले १९५० मध्ये, हे आठवले म्हणजे परळमधल्या या कामाची तारीख अधिक बोलकी वाटते.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, बी. सूर्याबाई यांच्याबरोबर त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. रूढींमुळे होणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात होते. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळून राहते, तिथल्या कातडीवर होणारा एक. चुना-तंबाखूची खैनी ओठाच्या आत धरून ठेवल्याने होणारा दुसरा. आणि तिसरा आंध्र किनाऱ्यावरच्या चुट्ट्याचा. चुट्टा म्हणजे जाडसर विडी, पण तिथल्या बायका तिचे जळते टोक तोंडाच्या आत धरून ओढतात, आणि टाळू भाजत भाजत शेवटी तिथे अर्बुद येते.

हे वाचून आपल्याकडे कुणी हसू नये. आपल्या खेड्यांतल्या आज्या धुमटी अशीच उलटी ओढत. पानात गुंडाळलेली ती तंबाखू, जळते टोक आत, आणि हात मोकळे. मुंबईच्या संशोधकांनी गोव्यातल्या ५,४४९ ग्रामस्थांची तोंडे तपासून उलट्या धुमटीवर लिहिलेला निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. खानोलकर तेव्हा हयात होते. तीस वर्षांपूर्वी त्यांनी परळला विचारलेला प्रश्न त्यांच्या मूळ प्रदेशातल्या अंगणांपर्यंत येऊन पोहोचला होता.

आता पुन्हा लाळेकडे येतो, कारण खानोलकरांच्या मोजणीचे मोल तिच्याशिवाय कळत नाही.

आपल्या तोंडात लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. सर्वांत मोठी जोडी कानांच्या पुढे व खाली, गालगुंड झाले की सुजते ती. दुसरी जबड्याच्या हाडाखाली, तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी. या सगळ्या मिळून दिवसाला लिटरभराच्या आसपास लाळ तयार करतात आणि आपण ती नकळत गिळत असतो. जेवताना धो धो येणारी पातळ लाळ मुख्यतः कानाजवळच्या ग्रंथींची. एरवी, झोपेतसुद्धा, तोंड ओलसर ठेवणारी बरीचशी जबड्याखालच्यांची. लाळ घास भिजवते एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण चव जिभेला कळते ती अन्न लाळेत विरघळल्यावर. दातांवरचे आम्ल धुऊन निघते ते लाळेने. बुरशी आणि जंतू आवरतात तेही तिच्यामुळे.

गालाला, जिभेला किंवा घशाला शेक द्यायचा, तर या ग्रंथी वाटेतच बसलेल्या असतात. गाठ मारायला साधारण साठ ते सत्तर ग्रे इतकी मात्रा लागते. कानाजवळच्या ग्रंथीला सरासरी सव्वीस ग्रेच्या आत ठेवता आले, तर ती वर्षा-दोन वर्षांत बऱ्याच अंशी सावरते. चाळीसच्या पुढे गेले, की तिची आशा जवळजवळ सोडावी लागते. आणि गंमत अशी, की हे होऊच नये असे जुने शास्त्र सांगत होते. बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०६ साली नियम सांगितला होता: ज्या पेशी झपाट्याने विभागतात, त्या किरणांनी लवकर मरतात. लाळेच्या पेशी तर संथपणे विभागणाऱ्या. तरीही पहिल्याच आठवड्यात लाळ निम्म्यावर येते. नियम सांगणाऱ्या बेर्गोनिए यांनीच १९११ मध्ये किरणांनंतर होणाऱ्या ग्रंथींच्या या त्रासाची नोंद केली होती. नेमके काय मोडते, पेशीचे आवरण की नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी, याचा वाद शंभर वर्षांनंतरही पुरता मिटलेला नाही.

परिणाम मात्र ज्याच्या घरी घडतो, त्याला शिकवावे लागत नाहीत. उरलेली लाळ घट्ट, तार धरणारी होते. भाकरी, बिस्कीट, चुरमुरे, भाजलेले दाणे घशाखाली उतरत नाहीत. चव महिनोन् महिने हरवते आणि परतते ती अर्धवट. दात हिरड्यांच्या कडेने किडतात आणि गाजराच्या देठासारखे मोडतात. मामांचे पुढचे तीन दात असेच गेले. किरण लागलेल्या जबड्यातला दात नंतर उपटणे धोक्याचे, कारण हाड भरून येत नाही. म्हणून दुखरे दात शेक सुरू होण्यापूर्वीच काढायचे आणि पुढे आयुष्यभर फ्लोराईड लावायचे, असा नियम आहे. कुणाचा शेक ठरला असेल, तर त्याला आधी दंतवैद्याकडे न्या. ही सूचना मी लेखाच्या मध्येच देतो, कारण शेवटपर्यंत सगळेच वाचतात असे नाही.

खानोलकरांच्या ऐन उमेदीच्या काळात यापैकी काही टाळता येण्याजोगे नव्हते. तेव्हा हाताशी रेडियमच्या सुया होत्या आणि कमी ताकदीची क्ष-किरण यंत्रे. त्या यंत्रांचे किरण कातडी जाळत आणि हाडात जास्त शोषले जात. गाठ हटली तर भाग्य. लाळ गेली, याचे दुःख करायला रुग्ण मागे उरला पाहिजे ना? १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्टचे यंत्र आले आणि त्याच दशकात ते भारतात पोहोचले. किरण खोल गेले, कातडी वाचली. पण चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी समोरासमोर झोत सोडायची पद्धत असल्याने दोन्ही कानांजवळच्या ग्रंथी सरसकट भाजून निघत. उपचार जसजसे यशस्वी होऊ लागले, तसतशी कोरड्या तोंडाने जगणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

किरणांशी खानोलकरांचा संबंध रुग्णालयापुरता नव्हता. अणुबॉम्बच्या चाचण्यांची धूळ साऱ्या जगावर पडत होती, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९५५ मध्ये किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करणारी पंधरा देशांची वैज्ञानिक समिती नेमली. भारताचे प्रतिनिधी म्हणून तिथे खानोलकर बसले. समितीचा पहिला अहवाल १९५८ मध्ये आला. याच वर्षांत अणुऊर्जा खात्याच्या जीवशास्त्र व वैद्यकविषयक सल्लागार समितीचेही काम ते पाहत होते. एकाच माणसाने सकाळी किरणांनी बरी झालेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी आणि त्याच किरणांनी निरोगी माणसाचे काय नुकसान होते याचा हिशेब जगापुढे मांडावा, हे त्या काळाचेच चित्र आहे. अणूकडे कुणी केवळ वरदान म्हणून पाहत होते, कुणी केवळ शाप म्हणून. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्याला तशी चैन परवडत नाही.

१९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांनी माणसे घडवली, आणि त्यात बायकाही होत्या, हे त्या वेळी विशेष. पुण्याच्या कमल रणदिवे त्यांच्याच हाताखाली पीएच. डी. झाल्या आणि पुढे ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभारली. एल. डी. संघवी यांच्याबरोबर खानोलकरांनी मुंबईतल्या सहा समाजांच्या रक्तगटांचा व आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास केला, तो १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. कुष्ठरोगात मज्जातंतूंचे काय होते यावरही त्यांचे महत्त्वाचे काम आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय. पद्मभूषण मिळाले, १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद झाले, पुढे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान आला. मानसन्मानांची यादी मोठी आहे. मला ती वाचताना १९४४ चा तो हजार रुग्णांचा निबंधच सारखा आठवत राहतो.

ते कुलगुरू असतानाची एक नोंद इंदूरकरांच्या मनात वेगळ्या कारणाने आहे. १९६१ च्या डिसेंबरात इंदूरचे अखेरचे महाराज यशवंतराव होळकर मुंबईत कर्करोगाने वारले. वय अवघे त्रेपन्न. माणिकबाग राजवाडा त्यांनी जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांच्याकडून बांधून घेतला होता आणि पॅरिसच्या कलावंतांकडून सजवला होता. त्यांच्या नावाचे टोलेजंग सरकारी रुग्णालय आजही इंदूरच्या मध्यभागी उभे आहे. सारा माळवा आणि निमाड त्याला नुसते एमवाय म्हणतो. ज्याच्या नावाने गावात एवढे रुग्णालय, तो राजाही या रोगाने मुंबईतच गेला. तेव्हाच्या मध्य भारतातल्या सामान्य माणसाची काय कथा असेल, याचा अंदाज त्यावरून करावा.

१९५७ मध्ये टाटा रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे. १९६६ साली रुग्णालय आणि संशोधन केंद्र एकत्र आले. खानोलकरांचे निधन २९ ऑक्टोबर १९७८ रोजी झाले. त्या दिवशीही मुंबईतल्या पानाच्या गाद्यांवर कात-चुना-तंबाखूची विडी लागतच होती. काही वर्षांत तर पुडीतला गुटखा आला आणि शाळकरी मुलांच्या खिशांपर्यंत गेला. तंबाखू असलेला विडा कर्करोगकारक आहे असे जागतिक संस्थेने १९८५ मध्ये जाहीर केले. नुसती सुपारीही तशीच, हे तिने २००४ मध्ये सांगितले. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटखा बंद केला. गोव्याने त्याच्या काही वर्षे आधीच आपल्या कायद्याने बंदी घातली होती. मग दुकानदार मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकू लागले. गिऱ्हाईक दोन्ही फोडून तळहातावर मिसळते. मामाही मिसळत.

मात्र लाळेची गोष्ट तिथे संपली नाही. नव्या शतकात यंत्रांना संगणकाची जोड मिळाली. झोताची तीव्रता जागोजागी कमीजास्त करून गाठीला पूर्ण मात्रा आणि कानाजवळच्या ग्रंथीला शक्य तितकी कमी, असे कोरीवकाम करता येऊ लागले. इंग्लंडमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०११ साली आले. जुन्या पद्धतीने शेक घेतलेल्यांपैकी ७४ टक्क्यांचे तोंड वर्षभरानंतरही त्रासदायक कोरडे होते, नव्या पद्धतीत हे प्रमाण ३८ टक्के. पुढच्या वर्षी अशाच तुलनेचा भारतीय रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण साठच, पण काम काटेकोर, आणि कल तोच: नव्या पद्धतीने लाळ अधिक वाचते. हा अभ्यास टाटा केंद्राचा. या केंद्राची संशोधन शाखा आता नवी मुंबईत खारघरला आहे, आणि तिथल्या संशोधन इमारतीचे नाव आहे खानोलकर शोधिका.

मी ती इमारत पाहिली नाही. पण ते नाव प्रथम वाचले, तेव्हा वाटले की हा मान त्यांच्या चित्ताला रुचला असता आणि किंचित खुपलाही असता. लाळ वाचवणारे यंत्र कौतुकाचेच. पण ज्याच्या गालात विडा नव्हता, त्याची लाळ कोणत्याही यंत्रावाचून शाबूत राहिली आहे, हे त्यांच्या हजार कागदांत १९४४ सालीच लिहून ठेवलेले होते. शिवाय यंत्र कितीही चांगले असो, गाठ ग्रंथीलाच चिकटलेली असेल तर डॉक्टरांना निवड करावी लागते आणि ते गाठच मारतात, मारायलाच हवी. मामांच्या डाव्या बाजूचे तेच झाले. उजवी ग्रंथी थोडी वाचली आहे. जेवणाच्या आधी चिमूटभर आंबट तोंडात टाकले, की त्या बाजूला किंचित ओल येते, असे ते सांगतात. ते सांगताना त्यांचा आवाज एखादी मौल्यवान वस्तू सापडल्यासारखा होतो.

मामांची तक्रार डॉक्टरांविषयी नाही, सिकाईविषयीही नाही. आपला जीव वाचला हे ते जाणतात. एकदाच, ओसरीवर संध्याकाळी बसलो असताना, त्यांनी मला विचारले की ते तुमच्या गोव्याकडचे डॉक्टर हे सगळे केव्हा सांगून गेले म्हणालास? मी साल सांगितले. ते मनात हिशेब करीत राहिले. मामांचा जन्म त्यानंतरचा. त्यांनी तंबाखूला पहिल्यांदा हात लावला त्याच्या कितीतरी आधी तो निबंध छापून झाला होता. ते काही बोलले नाहीत. बाटली उचलून त्यांनी एक घोट घेतला.

गेल्या दिवाळीत मी इंदुरात होतो. फराळाच्या ताटातून मामांनी शंकरपाळे उचलले, दुधात बुडवून मऊ होईपर्यंत धरले आणि सावकाश खाल्ले. नातू दारात उभा राहून शेव चघळत होता. त्याने विचारले, आजोबा, तुम्हाला? मामांनी मान हलवली आणि त्याला जवळ बोलावून, विजेरी मागवून, आधी त्याला तोंड उघडायला लावले. डावा गाल पाहिला, मग उजवा, मग जीभ वर करायला सांगून खालचा भाग. पोर गुदगुल्या झाल्यासारखे हसत होते. मामींनी शेवेचा डबा झाकण लावून फडताळात वर ठेवून दिला.